सेल्युलर दूरध्वनी जाळे

सेल्युलर दूरध्वनी जाळे : मोठ्या भूभागाची लहान क्षेत्रांत (सेल) विभागणी करून मोजक्याच कंप्रता (फ्रीक्वेन्सी) पुनःपुन्हा वापरण्याची बिनतारी सेवापद्धती. अमेरिकेत सेंट लुइस येथे 1946 मध्ये सुरू झालेल्या मोटारीतील दूरध्वनीसाठी शहरभर एकच शक्तिशाली प्रक्षेपक असे. साहजिकच एका वाहिनीवर एका वेळी एकच संभाषण चाले.

पद्धतीचा उगम सामान्यतः बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांच्या डिसेंबर 1947 च्या अंतर्गत टिपणापर्यंत नेला जातो. त्यातील षट्कोनी मांडणी मात्र सहकारी डब्ल्यू. रे यंग यांनी सुचवली, असे मानतात. चालू संभाषण एका सेलमधून दुसऱ्यात सोपवणाऱ्या स्विचिंग व्यवस्थेचे एकस्व (पेटंट) बेल प्रयोगशाळेतील एमॉस जोएल यांना 1972 मध्ये मिळाले. म्हणून 1947 हे कल्पनेचे वर्ष म्हणणे अधिक सयुक्तिक. मोटोरोला कंपनीतील अभियंते मार्टिन कूपर यांचा 3 एप्रिल 1973 चा कॉल हा हातात मावणाऱ्या फोनच्या इतिहासातला टप्पा होय. जाळ्याचे जनकत्वही त्यांनाच देण्याची लोकप्रिय प्रथा ग्राह्य वाटत नाही. टोकियोत 1979 मध्ये, तर शिकागोत 1983 मध्ये व्यावसायिक सेवा सुरू झाली.

षट्कोन हा कागदावरचा. डोंगर व इमारती यांमुळे प्रत्यक्ष सेल वेडावाकडा असतो. सात सेलच्या समूहात तीच कंप्रता त्रिज्येच्या सुमारे 4.6 पट अंतरावर पुन्हा वापरता येते. सेलची त्रिज्या 2 किमी. असेल, तर हे अंतर सुमारे 9.2 किमी. भरते. गर्दीच्या भागात सेल लहान करून क्षमता वाढवतात. जीएसएम या अंकीय मोबाइल प्रणालीत संभाषण चालू असताना फोन शेजारच्या सेलच्या संदेशांची तीव्रता मोजून साधारण दर अर्ध्या सेकंदाला कळवतो. त्यावरून हस्तांतराचा निर्णय जाळे घेते. संदेशाला पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेची भरपाई मर्यादित असल्याने, एरवीच्या मांडणीत मनोऱ्यापासून 35 किमी.पलीकडे संदेश कितीही स्वच्छ असला तरी कॉल लागत नाही.

भारतात पहिला कॉल 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. परवाने दूरसंचार मंडळनिहाय (सर्कल) दिले गेले. गोवा महाराष्ट्र मंडळात आहे, तर मुंबईचे मंडळ वेगळे आहे. त्यामुळे मुंबईचा ग्राहक पुण्यात पोहोचला की ‘रोमिंग’वर जाई.