रेकॉर्डिंग ‘साफ’ करणं आणि ‘ओरिजिनल’चा घोळ : थोडी पार्श्वभूमी

कुडाळात माझं छोटंसं रेकॉर्डिंगचं काम आहे. डबलबारी भजनं, दशावतार, लग्नाच्या व्हिडिओचा आवाज, असलं सगळं. पण वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी मोबाईल पुढे धरतं आणि म्हणतं, “ह्यातलो पावसाचो आवाज तेवढो काढून दी रे.” आत सामाईक जमिनीचं बोलणं असतं, नायतर उसन्या पैशांचं, आणि ते कोर्टात लावायचं असतं. दर वेळी पहिल्यापासून समजवत बसावं लागतं, म्हणून हा प्रकार आला कुठून ते एकदा लिहून टाकतो. फाईल, फॉरमॅट, एमपीथ्री हे सगळ्यांना माहीत आहे असं धरतोय.

फार जुनं दोन घासात उरकतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत टेलिफोनवाल्यांच्या प्रयोगशाळेत आवाजाचं चित्र काढणारं यंत्र झालं, स्पेक्ट्रोग्राफ. १९६२ साली तिथल्याच एकानं दावा केला की बोटाच्या ठशासारखा आवाजाचाही ठसा असतो. ‘व्हॉइसप्रिंट’ हा शब्द तेव्हा गाजला आणि अजून बातम्यांत येतो, पण १९७९ मध्येच अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या समितीनं सांगितलं होतं की जपून, ठशाइतका भरवसा यावर नाही. त्याच्या आधी १९७४ ला सहा तज्ज्ञांनी तिथले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ऑफिसातल्या टेपमधली साडेअठरा मिनिटांची रिकामी जागा तपासली. पुसताना मशीननं टेपवर सोडलेल्या चुंबकीय खुणा बघून त्यांनी सांगितलं की हे किमान पाच वेळा, हातानं बटण दाबून पुसलंय. पुसलेलं बोलणं मात्र परत आलं नाही ते नाहीच. आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईच्या एका लाचेच्या केसमध्ये सगळ्यात वरच्या कोर्टानं फोनवरचं टेप केलेलं बोलणं पुरावा म्हणून मान्य केलं. तेव्हापासून अट तीच : आवाज कोणाचा ते पटलं पाहिजे, बोलणं विषयाशी संबंधित पाहिजे, आणि टेपमध्ये छेडछाड नसल्याची खात्री पाहिजे. आवाज गोड लागला पाहिजे असं कोणी कधी म्हटलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

साफ करायची सॉफ्टवेअरं आली ती वेगळ्याच वाटेनं. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये जुन्या तबकड्यांची खरखर काढायला कम्प्युटर लावला गेला, म्हणजे गाण्यांसाठी. दुसरी वाट टेलिफोनची. १९७९ मध्ये एक पद्धत छापून आली, आणि तिच्यामागची कल्पना आजही अर्ध्या सॉफ्टवेअरांच्या पोटात आहे. ती अशी की जिथे कोणी बोलत नाही तो तुकडा घ्यायचा, त्यात कुठल्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे किती जाड-बारीक सुरात, किती गोंगाट आहे ते मोजायचं, आणि मग अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तेवढा वजा करायचा. वजाबाकी, बस्स. आमच्या पिढीनं ही वजाबाकी कूल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. ९६ नंतरची ती व्हर्जनं, मोठ्या पेटीसारखा मॉनिटर, आणि भजनाची कॅसेट डेकवरून साउंड कार्डात घालताना मध्येच लाईट गेली की परत पहिल्यापासून. नॉइज प्रोफाइल, म्हणजे तो गोंगाटाचा नमुना, घ्या, स्लायडर ओढा, ओके. २००३ मध्ये कूल एडिट मोठ्या कंपनीनं विकत घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं, त्याच्या आधी २००० मध्ये ऑडॅसिटी फुकट आलं होतं, २००७ ला आरएक्स आलं ज्यात आवाजाच्या चित्रावर फोटोवरचे डाग पुसावेत तसा नेमका खोकला किंवा हॉर्न पुसता येतो. नावं बदलली, पण माणसं स्लायडर ओढतात तशीच.

जास्त ओढलात की काय होतं ते कॅसेटवाल्यांना विचारा. पाण्यात घुंगरू वाजल्यासारखी टिणटिण सुरू होते, कारण गोंगाट प्रत्येक क्षणी सारखा नसतो आणि सरासरी वजा केली की उरलेले तुकडे सुटे सुटे वाजतात. भजनात ते कानाला टोचतं, एवढंच. पुराव्यात त्याहून वाईट होतं, ते करून बघितलं तेव्हा समजलं.

मी पडवीत, पत्र्याखाली, जुलैच्या पावसात फोनवर माझाच आवाज रेकॉर्ड केला : “साठ हजार दिले होते.” ‘स’ म्हणजे काय, दातांमधून सुटलेली हवा. त्यात सूर नाही, फुसकारा आहे, आणि बराचसा चार हजार हर्ट्झच्या वर. पत्र्यावरचा पाऊस हाही फुसकाराच, खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच. थोडी वजाबाकी केली तेव्हा ‘स’ अंधुक होता. स्लायडर आणखी ओढला, पाऊस जवळजवळ गेला, आवाज एकदम स्वच्छ, आणि स्वच्छ आवाजात मी म्हणत होतो, “आठ हजार दिले होते.” घरात बायकोला ऐकवलं, तिनंही आठच सांगितलं. मग कागदावर ‘साठ’ लिहून दाखवलं आणि तीच फाईल परत लावली, तर म्हणाली, हो की, साठ आहे. कागद बघितल्यावर कान तेच ऐकतो. साध्या फोन कॉलवरचं रेकॉर्डिंग असेल तर अजूनच अवघड, कारण जुनी टेलिफोनची लाईन ३०० ते ३४०० हर्ट्झएवढंच नेते, ‘स’चा मोठा भाग निघतानाच गेलेला असतो. कानाला बरं लागणं आणि शब्द कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ह्या सॉफ्टवेअरांनी पहिली सुधारते, दुसरी बहुतेक वेळा नाही. मच्छीमार बोटीच्या इंजिनाची घरघर काढणं त्यामानानं सोपं, ती ठरावीक फ्रिक्वेन्सीत बसते. पाऊस नाही.

आता खरा घोळ, ‘ओरिजिनल’चा.

कॅसेट होती तोवर ओरिजिनल म्हणजे ती कॅसेट, लाखेचं सील मारून पाकिटात. फाईल आली आणि सगळं बिघडलं. ऑक्टोबर २००० पासून पुरावा कायद्यात ६५-बी कलम आलं : कम्प्युटरातून काढलेली प्रत लावायची तर सोबत सर्टिफिकेट पाहिजे, कुठल्या मशीनवर, कशी काढली, मशीन नीट चालत होतं का वगैरे. पण २००५ मध्ये एका मोठ्या खटल्यात सगळ्यात वरचं कोर्ट म्हणालं की सर्टिफिकेट नसलं तरी दुसऱ्या कलमांनी चालवून घेता येईल, आणि नऊ वर्षं सगळे निवांत. मग सप्टेंबर २०१४. ती केस आवाजाचीच होती, केरळातली निवडणूक, प्रचाराची गाणी आणि घोषणा मोबाईलसारख्या यंत्रांवर रेकॉर्ड केलेल्या, तिथून कम्प्युटरात, तिथून सीडीवर, आणि कोर्टात आल्या फक्त सीड्या. सर्टिफिकेट नाही. कोर्टानं सांगितलं, सीडी बाहेर. ज्या यंत्रावर रेकॉर्ड केलं तेच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. एका दिवसात देशभर ‘सिक्स्टीफाईव्ह बी’ हा शब्द पक्षकारांच्याही तोंडी बसला. २०१८ मध्ये परत ढिलाई, ज्याच्या हातात मशीनच नाही त्यानं सर्टिफिकेट कुठून आणायचं म्हणून. आणि जुलै २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या केसवरून परत घट्ट. तिथं उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे निवडणूक ऑफिसातल्या कॅमेऱ्यांवरून ठरत होतं, आणि अधिकारी वारंवार मागूनही सर्टिफिकेट देत नव्हते. कोर्ट म्हणालं, सर्टिफिकेट पाहिजेच; मिळत नसेल तर कोर्टाकडून मागवून घ्या; आणि मूळ यंत्राचा मालक स्वतः यंत्र घेऊन साक्षीला उभा राहिला तर मात्र गरज नाही.

माझं मत विचाराल तर २०१४ चा आणि २०२० चा निकाल बरोबर, २०१८ चा नाही. पण गावातल्या माणसाला हे सांगितलं कोणी? त्यानं रेकॉर्डिंग पोराला व्हॉट्सअॅप केलं, तिथं फाईलला नवीन नाव लागलं, पोरानं सुरुवातीची शांतता कापली, मग जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन घेतला. आता ओरिजिनल कुठाय? मी विचारतो तेव्हा लोक छातीठोकपणे आपला नवीन फोन दाखवतात.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी नवीन कायदा लागू आहे, सर्टिफिकेट आता कलम ६३ खाली, फॉर्मचे दोन भाग. पहिला भाग लावणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हीत फाईलची हॅश टाकायची. हॅश म्हणजे फाईलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला आकडा. ऑडॅसिटीत उघडून काहीही न बदलता नुसती परत सेव्ह केलीत तरी तो बहुतेक बदलतोच, म्हणून साफसफाई करायची ती कायम कॉपीवर, आणि काय केलं ते पायरीपायरीनं लिहून. तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण, यावर वकिलांमध्येच एकमत दिसत नाही. दोघंजण दुसरा भाग माझ्याकडून भरून घ्यायला आले होते. मी भजनं रेकॉर्ड करतो हो!

अस्सलपणा तपासायची एक सुंदर पद्धत २००० नंतर युरोपातून आली. विजेची गुणगुण रेकॉर्डिंगात शिरते, ती ५० हर्ट्झच्या आसपास सतत थोडी हलते, आणि ज्या ग्रीडची, म्हणजे विजेच्या जाळ्याची, वीज त्या सगळ्या ग्रीडवर एकसारखी हलते. कोणी तिची रोजची नोंद ठेवली असेल तर रेकॉर्डिंग कधीचं ते सांगता येतं, मध्येच कापलं असेल तर उडी दिसते. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईननं दक्षिणेची ग्रीड बाकी देशाला जोडली गेली. तोवर कर्नाटकातली गुणगुण आणि सिंधुदुर्गातली वेगळी होती, आता एकच. कोकणात अडचण अशी की पावसात वीज असते कुठे, घरोघरी इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर स्वतःची फ्रिक्वेन्सी स्वतः बनवतो, ग्रीडशी त्याचा संबंध नाही.

आणि आताचं ताजं म्हणजे एका क्लिकवाली एआयची टूल्स. ती वजाबाकी करत नाहीत, हजारो तासांच्या आवाजांवरून शिकून बोलणं नव्यानं घडवतात. ‘स’ गेला असेल तर ती घालूनही देतील, छान खणखणीत, पण तो बोलणाऱ्यानं उच्चारलेला असेलच असं नाही. कॉलवर तर फोनच दोन माइक वापरून मागचा गोंगाट कापतो, गेली पंधराएक वर्षं, म्हणजे कॉलची फाईल जन्माला यायच्या आधीच त्यात एक साफसफाई झालेली असते. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. परवा पावसाचं रेकॉर्डिंग घेऊन आलेल्या काकांना मी फोन बंद करून, पाकिटात घालून, थेट वकिलाकडे न्यायला सांगितलं. ते म्हणाले, बंद केला तर कोळंबीवाला फोन कुठे करणार.