एका टोचणीत तीन डोस: लस अडते कुठे?

बाळाला पाच आजारांवरची पेंटाव्हॅलेंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. तिन्ही डोस पहिल्याच टोचणीत देऊन उरलेले दोन शरीरात ठरल्या दिवशी मोकळे झाले, तर आईच्या दोन खेपा वाचतील. औषधांच्या बाबतीत असं काहीसं कधीच साधलं आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ल्युप्रोलाइड असलेलं, महिनाभर पुरणारं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं. माणसांसाठीची अशी लस मात्र अजून बाजारात आलेली नाही.

दोन्हींची भिस्त पीएलजीए या पॉलिमरवर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूवर आहे. औषध किंवा लस त्याच्या बारीक कणांत कोंडतात आणि पीएलजीए विरत जाईल तसा आतला माल सुटतो. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचे घटक गुंफून त्याची साखळी बनते. शस्त्रक्रियेतले आपोआप विरणारे टाके याच घराण्यातले. शरीरातलं पाणी साखळीचे दुवे तोडतं आणि शेवटी उरतात तीच दोन आम्लं, जी शरीर सहज पचवतं. लॅक्टिक घटकाला मिथिल हा कार्बन-हायड्रोजनचा एक छोटा गट जास्त असतो आणि तो पाण्याला दूर ठेवतो. म्हणून ५०:५० प्रमाणातलं पीएलजीए साधारण एक-दोन महिन्यांत विरतं, तर ७५ टक्के लॅक्टिक असलेलं चार-पाच महिने टिकतं. साखळी लांब ठेवली किंवा तिच्या टोकाचं आम्ल झाकलं, की मुदत आणखी वाढते.

कण बनवायची नेहमीची रीत अशी. साधारण अर्धा ग्रॅम पीएलजीए ५ मिली डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवतात. त्यात प्रथिनाचं अर्धा मिली पाण्यातलं द्रावण टाकून, भांडं बर्फात ठेवून, जोरात घुसळतात. हे दुधाळ मिश्रण, थेंब एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या १ टक्का द्रावणात ओतून तीन-चार तास ढवळत ठेवलं, की द्रावक उडून जातो आणि थेंबांचे घट्ट कण होतात. मग धुणं, चाळणं आणि गोठवून सुकवणं. ढवळण्याचा वेग वाढवला तर कण बारीक होतात. १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी गिळतात. औषधासाठी ही गोष्ट नको असते, लसीच्या मात्र बऱ्याचदा पथ्यावर पडते.

बिघाड पहिल्याच दिवशी दिसू शकतो. पृष्ठभागालगत अडकलेलं औषध टोचताच लोंढ्यासारखं बाहेर येतं. उलट टोकाचं उदाहरण स्किझोफ्रेनियावरच्या रिस्पेरिडोनच्या दर पंधरवड्याला घ्यायच्या इंजेक्शनचं. त्यातलं ७५:२५ पीएलजीए इतकं सावकाश फुटतं, की मुख्य औषध सुमारे तीन आठवड्यांनी सुटू लागतं आणि तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रुग्णाला हे नीट सांगितलं नाही, तर आधीच्या गोळ्या बंद होतात आणि आजार उसळतो.

लसीचं दुखणं याहून खोल आहे. पॉलिमर तुटताना तयार झालेलं आम्ल कणाच्या गाभ्यातून लवकर बाहेर पडू शकत नाही. साचलेलं आम्ल तुटण्याचा वेग आणखी वाढवतं, त्यामुळे मोठा कण बाहेरून शाबूत दिसत असतानाच आतून पोखरला जातो. आतला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) ३ च्याही खाली घसरल्याची मोजमापं आहेत. ल्युप्रोलाइड नऊ अमिनो आम्लांचा छोटा रेणू, तो तग धरतो. लसीतलं प्रथिन मात्र ३७ अंशांच्या उबेत, ओलाव्यात आणि आम्लात आठवडेच्या आठवडे बसून राहतं. त्याची घडी मोडते, गुठळ्या होतात. मग तिसरा डोस वेळेवर सुटला, तरी प्रतिकारशक्तीला ओळखीचं असं त्यात काही उरलेलं नसतं. घड्याळ बसवणं त्या मानाने सोपं. खरी परीक्षा आतला माल टिकवण्याची आहे, असं आम्ही म्हणू. आम्ल मारायला कणात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळतात, पण तेही जपूनच: जास्त झालं तर कण पाणी ओढून घेतो आणि वेळापत्रक बिघडतं.

२०१७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या गटाने घुसळण्याची वाट सोडली. त्यांनी साच्यातून पीएलजीएचे चौकोनी कप काढले, प्रत्येकात काही नॅनोलिटर द्रव भरला, तो सुकवला आणि वर झाकण ठेवून उष्णतेने चिकटवलं. गळती जवळजवळ थांबली. पॉलिमर बदलून उंदरांमध्ये साधारण ९, २० आणि ४१ दिवसांनी कप फोडून दाखवले. पण इतक्या लहान कपात माल अगदी थोडा मावतो, शिवाय त्याची बाहेरची बाजू जवळपास ०.४ मिमी आहे. लसीकरणात सर्रास वापरली जाणारी २३ गेजची सुई आतून जेमतेम ०.३४ मिमी असते.