गुडघ्यावरचा ‘लोड’ सेन्सर खरंच मोजतो का? थोडी पार्श्वभूमी

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना ज्यांचा गुडघा बोलतो त्यांना गुडघ्यातली गादी झिजणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगत नाही. पायाला बांधायचा सेन्सर गुडघ्यावर किती लोड येतो ते सांगतो म्हणतात, ते कितपत खरं हा प्रश्न आहे. चाल मोजायचा नाद जुनाच, 1890 च्या दशकात जर्मनीत सैनिकाच्या अंगावर उजळणाऱ्या नळ्या बांधून अंधारात फोटो काढले होते आणि त्यावरून पायातल्या बलांचा हिशोब मांडला होता. पुढे कॅमेरे आले, पाऊल किती जोरात टेकतं ते मोजणारी, जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट आली, झाली गेट लॅब, म्हणजे चाल मोजायची प्रयोगशाळा.

खरा गुंता ‘लोड’ या शब्दाचा आहे. लॅबमधून जो आकडा मिळतो तो ॲडक्शन मोमेंट, म्हणजे पाऊल टेकलं की गुडघ्याला बाहेर, धनुष्यासारखं वाकवू पाहणारा जोर. हाडावर हाड किती दाबलं जातंय ते हा आकडा सांगत नाही. पण 2002 मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात ज्यांचा हा मोमेंट जास्त त्यांच्या गुडघ्याची आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूची झीज सहा वर्षांत जास्त वाढलेली दिसली, आणि तेव्हापासून सगळे सर्रास मोमेंटलाच लोड म्हणायला लागले. मग आतच सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे आले, त्यांनी खरा दाब दाखवला, साध्या चालण्यात वजनाच्या साधारण अडीच पट, जिन्यावर त्याहून जास्त. आणि 2010 मध्ये असा गुडघा बसवलेल्या एका पेशंटची चाल बदलून बघितली तर मोमेंट कमी झाला तरी आतला दाब कमी होईलच असं नाही हे समोर आलं, कारण मांडीचे स्नायू गुडघा ओढून धरतात तो दाब मोमेंटमध्ये धरलेलाच नसतो. मला विचाराल तर शब्द तिथेच बदलायला हवा होता.

फोनमुळे मोशन सेन्सर स्वस्त झाले आणि नडगीवर पट्टा बांधून घराबाहेर मोजायची सोय झाली. हा सेन्सर फक्त वेग किती बदलला आणि पाय किती फिरला एवढंच सांगतो, बल त्याला कळत नाही. म्हणून लॅबमध्ये पट्टा आणि फोर्स प्लेट दोन्ही एकदम चालवून मशीन लर्निंगला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला शिकवतात, लॅबचा आकडा म्हणजे बरोबर उत्तर. उत्तर म्हणून मोमेंट दिला तर ते मोमेंटच सांगणार, स्क्रीनवर नाव काहीही असो. शिवाय एकाच माणसाची काही पावलं शिकवायला आणि उरलेली तपासायला वापरली की निकाल झकास दिसतो, नवा माणूस आला की गडगडतो.

आणि शिकवलेलं असतं बहुतेक सपाट फरशीवरचं चालणं. माझी आई पंचवटीतल्या घरात भाजी निवडायला खाली मांडी घालून बसते, उठताना डावा हात फरशीवर टेकवून आधी एक गुडघा उचलते, मग दुसरा. नडगीवरच्या पट्ट्याला नडगी किती कलली ते बरोबर दिसेल, पण हातावर किती वजन गेलं ते नाही.