नव्या विंडोजची घाई आणि जुन्या विंडोजची मुदत : घरच्या संगणकाविषयीच्या एका निर्णयाची पार्श्वभूमी

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरातील संगणकावर नवी विंडोज कधी घ्यावी, हा जुनाच प्रश्न असंख्य घरांत नव्याने विचारला जाऊ लागला. या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेकांचे लक्ष नव्या आवृत्तीकडे असते: ती कशी दिसते, तिच्यात काय वाढले, ती आपल्या यंत्राला झेपेल का. गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र वापरणाऱ्याच्या दृष्टीने खरी निर्णायक तारीख नवी आवृत्ती बाजारात आल्याची नसून जुन्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती थांबण्याची असते, असे माझे ठाम मत आहे. ही तारीख आधी अस्तित्वातच नव्हती. ती कशी आली आणि सामान्य वापरकर्त्याच्या हातातला निर्णय हळूहळू कसा बदलत गेला, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

विंडोज ९५ ही आवृत्ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. त्याच्या नऊच दिवस आधी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती. त्या काळी घरातला संगणक टेलिफोनच्या तारेवरून थोडा वेळ जोडला जाई आणि बाकीचा दिवस जगापासून तुटलेलाच असे, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम जुनी असली तरी तिच्यामुळे फारसे काही बिघडत नसे. प्रश्न होता तो मेमरीचा आणि पैशाचा. आपल्याकडे बहुसंख्य घरांत सुटे भाग जोडून तयार केलेले यंत्र येई आणि त्यात कोणती विंडोज असावी, हे पुष्कळदा तो जोडून देणाराच ठरवी. यंत्र हळू चालू लागले की त्याला बोलावायचे, त्याने फॉरमॅट मारून त्याच्याजवळच्या सीडीवरची आवृत्ती टाकून द्यायची, असा रिवाज पडला. त्या प्रतीचा परवाना आहे की नाही, हे विचारण्याची पद्धत नव्हती आणि याच सवयीचे परिणाम पुढे सुरक्षिततेच्या बाबतीत भोगावे लागले.

विंडोज ९८ ने विंडोजची घडी नीट बसवली. सन २००० मध्ये आलेली विंडोज मिलेनियम एडिशन मात्र अस्थिर म्हणून लवकरच बदनाम झाली. एखादी आवृत्ती वगळून पुढच्या आवृत्तीवर जावे, हा ठोकताळा रुजण्यास तेव्हापासूनच सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्याच वर्षी फेब्रुवारीत कार्यालयांसाठी विंडोज २००० आली होती आणि मराठी वाचक-लेखकांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची ठरली, कारण युनिकोडमधील, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या सामाईक पद्धतीतील, देवनागरी लिपी नीट जुळवून दाखवण्याची सोय असलेली ही विंडोजची पहिली आवृत्ती होती. तिच्यासोबत मंगल हा देवनागरी फाँटही आला.

या बदलाचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती आठवावी लागते. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात मराठी मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली देवनागरी वळणे असत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची आयएसएम किंवा पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी यांसारख्या पॅकेजांवर वर्तमानपत्रे, छापखाने आणि डीटीपी केंद्रे चालत. एका पॅकेजमधील मजकूर दुसरीकडे उघडला की त्याची निरर्थक चिन्हे होत. हे पॅकेज असलेल्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची म्हणजे केवळ विंडोज बदलायची नव्हती. कळफलक चालवणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालेल का, पॅकेजचा परवाना पटवण्यासाठी प्रिंटरच्या पोर्टला लावलेले लॉक ओळखले जाईल का, वर्षानुवर्षे साठवलेल्या फाइली उघडतील का, या सगळ्याची खात्री त्याआधी करून घ्यावी लागे. अनेक छोट्या छापखान्यांनी नव्या आवृत्त्यांकडे दीर्घकाळ पाठ फिरवली, त्यामागे आळस नव्हता, हा रास्त हिशेब होता.

घरगुती वापरकर्त्यापर्यंत युनिकोड मराठी पोहोचली ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीमुळे, पण तीही आपोआप नाही. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचे, ‘लँग्वेजेस’ या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फाइलींपुढील चौकटीत खूण करायची, मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागे, ती घातल्यावर फाइली उतरत आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर भाषांच्या यादीत मराठी निवडता येई. ज्यांच्याकडे सीडी नव्हती, त्यांच्या पडद्यावर जोडाक्षरे तुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला सरकलेली दिसे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून ही सोय आधीच बसवलेली मिळू लागली. रुपयाच्या चिन्हाच्या बाबतीतही असेच घडले: जुलै २०१० मध्ये भारत सरकारने ते स्वीकारले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला स्थान मिळाले आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा व विंडोज ७ साठी ते चिन्ह पुरवणारे अपडेट दिले. भाषेसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे हे कारण इंग्रजी जगात सहसा विचारात घेतले जात नाही. मराठी माणसासाठी ते दहा वर्षे अगदी सबळ कारण होते.

दरम्यान ब्रॉडबँड आले, संगणक तासन्‌तास जोडलेला राहू लागला आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलले. जुलै २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० व एक्सपीमधील एक गंभीर त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट दिले; ते ज्यांनी बसवले नव्हते, अशा असंख्य यंत्रांमध्ये ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, शिरला. त्यासाठी कोणी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती, यंत्र इंटरनेटला जोडलेले असणे पुरेसे होते. मिनिटभराची उलटगणती दाखवून आपोआप बंद होणारा संगणक त्या वर्षी अनेकांनी पाहिला. त्याच ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा-दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याची पद्धत सुरू झाली. भारतीय वेळेनुसार त्या मंगळवारी रात्री उशिरा येतात. ऑगस्ट २००४ मधील एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने, म्हणजे दुरुस्त्यांच्या दुसऱ्या एकत्रित संचाने, बाहेरून होणारा शिरकाव अडवणारी फायरवॉल मुळातच सुरू ठेवली.

एखाद्या आवृत्तीला किती वर्षे दुरुस्त्या मिळतील याचे निश्चित धोरण मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००२ मध्ये जाहीर केले आणि २००४ मध्ये व्यावसायिक आवृत्त्यांसाठी ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली: पहिली पाच वर्षे पूर्ण पाठिंबा, पुढची पाच वर्षे प्रामुख्याने सुरक्षा-दुरुस्त्या. घरगुती आवृत्त्यांना ही दुसरी पाच वर्षे सुरुवातीला नव्हती. एक्सपी होमला ती २००७ मध्ये आणि व्हिस्टा व विंडोज ७ च्या घरगुती आवृत्त्यांना २०१२ मध्ये मिळाली. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत दूरगामी निर्णय हाच होता, कारण त्यामुळे वापरकर्त्याला प्रथमच आधीपासून ठाऊक असलेली एक तारीख मिळाली. खेदाची गोष्ट अशी की ती तारीख पाहण्याची सवय आपल्याकडे लागलीच नाही. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रत अस्सल आहे का, हे तपासणे सुरू केले. सुरक्षा-दुरुस्त्यांना त्यातून वगळलेले होते, तरीही विनापरवाना प्रत वापरणारे अनेकजण पकडले जाण्याच्या धास्तीने अपडेटच बंद करून ठेवू लागले.

याच काळात ‘पहिला सर्व्हिस पॅक येईपर्यंत थांबावे’ हा सल्ला जाणकार मंडळी देऊ लागली आणि व्हिस्टाने तो खरा ठरवला. ती चालण्यासाठी जास्त मेमरी लागे, तिच्या नव्या रचनेला अनुरूप ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणे चालवणारे प्रोग्राम, प्रिंटर-स्कॅनर बनवणाऱ्यांनी वेळेत दिले नव्हते आणि परवानगी विचारणाऱ्या चौकटी पदोपदी येत. त्या चौकटींमागील विचार योग्य होता, हे नमूद केलेच पाहिजे. पण घाईने व्हिस्टा घेणाऱ्यांना वर्षभर मनस्ताप झाला. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली, तेव्हा तेच ड्रायव्हर तयार होते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून स्थिर वाटली.

एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी, सुमारे साडेबारा वर्षांनी, संपला. तारीख सात वर्षे आधी ठाऊक असूनही पुष्कळांनी ती उलटून जाऊ दिली. यात फक्त घरगुती वापरकर्ते नव्हते: बँकांच्या एटीएम यंत्रांवरील एक्सपी व तत्सम कालबाह्य आवृत्त्या जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलाव्यात, असा आदेश रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये काढावा लागला.

या दिरंगाईबद्दलची चर्चा १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रामपाशी नेहमी येऊन थांबते आणि तिथे एक गैरसमज आजही टिकून आहे. या हल्ल्याचा दोष एक्सपीला दिला जातो. कॅस्परस्की या सुरक्षा-कंपनीच्या पाहणीत मात्र बाधित झालेल्या यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के यंत्रांवर विंडोज ७ होती. विंडोज ७ ला तेव्हा पूर्ण सुरक्षा-पाठिंबा होता आणि नेमकी ती त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झाले होते. मुदतीतली आवृत्ती असणे पुरेसे नाही, तिच्या दुरुस्त्या प्रत्यक्ष बसलेल्या असाव्या लागतात, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी घटना नाही. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी एक्सपीसाठीही अपवाद म्हणून ती दुरुस्ती दिली.

विंडोज १० ने निर्णयाचा तोलच बदलला. ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना वर्षभर मोफत देण्यात आली, त्यामुळे पैशाचा अडसर दूर झाला. परंतु आग्रह इतका वाढला की २०१६ मध्ये सूचनेच्या चौकटीवरील फुलीवर टिचकी मारली, म्हणजेच ती चौकट बंद केली, तरी आधी ठरलेल्या वेळी अपग्रेड होण्यास संमती आहे असे धरले जाऊ लागले. तीव्र टीकेनंतर ही पद्धत बदलली. कॅलिफोर्नियातील एका पर्यटन व्यावसायिक महिलेला तिच्या संगणकावर न मागता झालेल्या अपग्रेडबद्दल दहा हजार डॉलरची भरपाईही मिळाली. होम आवृत्तीत अपडेट पूर्णपणे टाळण्याची सोयच उरली नाही. वॉनाक्रायचा अनुभव पाहता सक्तीमागचे कारण कळते, मात्र सक्ती करणाऱ्यावर चाचणीची जबाबदारी अधिक असते आणि ती ऑक्टोबर २०१८ मध्ये नीट पार पडली नाही. त्या महिन्यातील १८०९ या आवृत्तीने, ज्यांनी डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्ससारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, त्यांच्यापैकी काही जणांच्या मूळ फोल्डरमधील फाइलीच पुसून टाकल्या. काही दिवसांत वितरण थांबवून १३ नोव्हेंबरला ते पुन्हा सुरू करावे लागले. कोणतीही मोठी आवृत्ती बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवणे अपरिहार्य आहे, असे मी म्हणतो ते याच घटनेच्या आधारे.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने प्रश्न यंत्रावर आणून ठेवला. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, यंत्र सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रोग्राम चालू देणारी सिक्युअर बूट ही सोय आणि इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे किंवा एएमडीचे साधारण त्याच काळातील प्रोसेसर, अशा तिच्या अटी आहेत; त्यामुळे २०१७ च्या आधीचे, अन्यथा धडधाकट असलेले बहुतेक संगणक अधिकृतपणे बाद ठरले. हे मला अन्यायाचे वाटते, कारण पत्रव्यवहार, अभ्यास आणि बँकेची कामे करण्यास ती यंत्रे आजही पुरेशी आहेत. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याचे मार्ग आहेत, पण तिच्या २४एच२ या वार्षिक आवृत्तीला प्रोसेसरच्या ज्या ठरावीक सूचना लागतात, त्या नसलेली जुनी यंत्रे तिच्यावर सुरूच होत नाहीत, म्हणून तो मार्ग भरवशाचा नाही. अशा यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देण्याची योजना घरगुती वापरकर्त्यांसाठी प्रथमच आणली; त्यासाठी ३० डॉलर भरावेत किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडून ती विनामूल्य घ्यावी, असे पर्याय देण्यात आले. दुसरा मार्ग लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा. तिचाच एक प्रकार असलेल्या उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि युनिकोड मराठीची अडचण तिथे येत नाही. मात्र घरात अजूनही जुन्या फाँट-पॅकेजमधील मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, कारण ती पॅकेजे विंडोजसाठीच बनलेली आहेत. विंडोज ११ केवळ ६४-बिट असल्यामुळे त्यांपैकी जुन्या १६-बिट यंत्रांच्या काळातील रचनेचे प्रोग्राम तिच्यावरही चालणार नाहीत.

विंडोज ११ वर गेलेल्यांनाही तारखेकडे पाहणे सोडता येत नाही. सर्व्हिस पॅकची जागा आता दरवर्षीच्या आवृत्तीने घेतली आहे आणि होम व प्रो संगणकांवर अशा प्रत्येक आवृत्तीला दोनच वर्षे दुरुस्त्या मिळतात: २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ची होती आणि २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरली आहे. आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे, हे पाहण्यासाठी विंडोजची कळ दाबून धरून आर दाबावे, उघडलेल्या चौकटीत winver या आज्ञेची सहा रोमन अक्षरे, म्हणजे डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर, ओळीने टंकावीत आणि एंटर करावे. समोर येणाऱ्या खिडकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ती लिहिलेली असते.