वरच्या टोकाला चेंडूचं त्वरण किती?

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. गतीचा धडा 'झाला' असं भाचीचं म्हणणं होतं आणि तो झालाही होता. तिन्ही समीकरणं तिने एका दमात म्हणून दाखवली, व्ही बरोबर यू अधिक एटी पासून पुढे सगळी. न्यूटनचे तिन्ही नियम काना-मात्रेचाही फरक न करता. मग मी विचारलं, "चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोहोचला त्या क्षणी त्याचा वेग किती?"

"शून्य."

"आणि त्वरण?"

"शून्यच ना, मामा. थांबलाय ना तो!"

त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते. या उत्तराला हसू नये. हाच प्रश्न मी चांगल्या शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांना विचारून पाहिला आहे आणि बहुतेकांनी हेच उत्तर दिलं आहे, तेही तितक्याच ठामपणे. भौतिकशास्त्राच्या पेपरात गुण जातात ते सूत्र विसरल्यामुळे, असा एक सार्वत्रिक समज आहे. सूत्र आठवणं हा त्यातला सोपा भाग. अडचण अशी की सूत्र पाठ होतं, पण डोक्यातलं चित्र जुनंच राहतं आणि दोघं एकमेकांना न भेटता वर्षानुवर्षं शेजारी राहू शकतात.

चेंडूकडे नीट बघू. सोयीसाठी तो सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला आणि हवा नाही असं धरू. गुरुत्वीय त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे दर सेकंदाला वेगातून ९.८ वजा होणार. एका सेकंदाने वेग ९.८, दुसऱ्या सेकंदाला शून्य, तिसऱ्या सेकंदाला उणे ९.८, चौथ्याला उणे १९.६ आणि चेंडू परत हातात. उणे म्हणजे फक्त 'खाली'. आता वरच्या टोकाच्या आसपास बारकाईने पाहा. १.९ सेकंदाला वेग अधिक ०.९८ आहे, २ ला शून्य, २.१ ला उणे ०.९८. दोन्हीकडच्या दशांश सेकंदात वेग सारखाच बदलला. मध्ये कुठेही त्याने दम घेतलेला नाही. वेग-काळ आलेख काढलात तर एक सरळ, खाली उतरत जाणारी रेघ मिळते. ती अक्ष ओलांडून जाते, पण ओलांडताना तिचा उतार बदलत नाही, आणि तो उतार म्हणजेच त्वरण.

उलट बाजूनेही तपासता येतं. त्या क्षणी वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर पुढच्या क्षणी वेग बदलायला कारणच उरलं नसतं. चेंडू तिथेच टांगलेला राहिला असता.

या गैरसमजाला शिकवण्यातली एक सोयही हातभार लावते, असं माझं मत आहे. "वर जाताना 'जी' (म्हणजे गुरुत्वीय त्वरण) ऋण घ्या, खाली येताना धन घ्या." यामुळे उत्तर बरोबर येतं, कारण खाली येताना आपण गुपचूप दिशाच उलटी करून खालची दिशा धन मानलेली असते. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटतं? वर जाताना ऋण, येताना धन, म्हणजे मध्ये कुठेतरी शून्य असणारच! त्यापेक्षा एकदाच ठरवावं, वरची दिशा धन. मग सगळ्या प्रवासभर त्वरण उणे ९.८, आणि हे चिन्ह उत्तर येईपर्यंत बदलायचं नाही. उदाहरण एका झटक्यात सुटतं. जाणं-येणं असे दोन तुकडे करावे लागत नाहीत.

गैरसमजाचं मूळ मात्र या सोयीपेक्षा खूप जुनं आहे. जॉन क्लेमेंट या संशोधकाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याचं चित्र दिलं आणि नाणं वर जात असताना त्याच्यावरची बलं बाणांनी दाखवायला सांगितलं. बहुतेकांनी दोन बाण काढले. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, 'हाताने दिलेल्या बलाचा', आणि तो जास्त लांब, कारण नाणं वर चाललंय ना! हवेचा विचार सोडला तर हात सुटल्यानंतर नाण्यावर एकच बल आहे, खाली ओढणारं. हाताने वेग दिला. बल काही सोबत बांधून दिलं नाही. सहाव्या शतकातला फिलोपोनस आणि चौदाव्या शतकातला ब्युरिडान यांनी नेमकी अशीच कल्पना मांडली होती की फेकणारा वस्तूत काहीतरी जोर भरतो आणि त्या जोरावर ती पुढे जात राहते. म्हणजे आपली मुलं चुकतात तेव्हा मोठ्या विद्वानांच्या संगतीत चुकतात. या कल्पनेतून बाहेर पडायला माणसांना गॅलिलिओ आणि न्यूटनपर्यंत वाट पाहावी लागली. ती एका तासिकेत सुटेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आता मला खरा आवडणारा भाग. हवा परत आणू. थोडं किचकट आहे, पण चिकाटी धरा.

हवेचा रोध नेहमी गतीच्या विरुद्ध असतो आणि चेंडूसारख्या वस्तूसाठी तो साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर जाताना गुरुत्वाकर्षणही खाली ओढतं आणि रोधही खालीच, त्यामुळे त्वरण ९.८ पेक्षा जास्त. खाली येताना रोध वरच्या दिशेला, म्हणून त्वरण ९.८ पेक्षा कमी. आणि वरच्या टोकाला? वेग शून्य, म्हणून रोधही शून्य. उरतं फक्त गुरुत्वाकर्षण. म्हणजे खऱ्या हवेतल्या सगळ्या प्रवासात त्वरण नेमकं ९.८ असतं ते एकाच क्षणी, वरच्या टोकाला. जिथे सगळे 'शून्य' म्हणतात, तिथेच!

मग शून्य त्वरण खरंच कुठे सापडतं? जोरात खाली पडताना. पडता पडता वेग वाढत जातो, रोध वाढत जातो आणि एका वेगाला तो वजनाइतका होतो. त्यापुढे वेग वाढत नाही. याला अंतिम वेग म्हणतात. पावसाचा थेंब एक किलोमीटरवरून हवेविना पडला असता तर सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वेगाने डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठ्या थेंबाचाही वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपासच राहतो आणि त्याचं त्वरण शून्य असतं. म्हणजे थांबलेल्या चेंडूला त्वरण आहे, धावत्या थेंबाला नाही. हे एक वाक्य ज्याला पटलं, त्याचा गतीचा धडा खऱ्या अर्थाने झाला.

आकड्यांची हौस असलेल्यांसाठी: समजा चेंडूचा अंतिम वेग सेकंदाला ३० मीटर आहे आणि तेवढ्याच वेगाने तो वर फेकला. सुरुवातीला रोध वजनाइतका, म्हणून त्वरण दुप्पट, १९.६. हवेविना तो ४५.९ मीटर चढला असता, आता ३१.८ मीटरच चढतो. चढायला २.४० सेकंद लागतात, उतरायला २.७० सेकंद, आणि हातात परत येताना वेग २१.२ उरतो. उतरायला जास्त वेळ का, हे गणिताशिवायही सांगता येतं. वाटेतली कुठलीही एक उंची घ्या. चेंडू तिथून दोनदा जातो. दोन्ही वेळा स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे असलेली, तीच, पण दरम्यान हवेने काही ऊर्जा खाल्लेली असते, म्हणून परतताना गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे असलेली, कमी, वेग कमी. प्रत्येक उंचीवर परतीचा वेग कमी, तर परतीला वेळ जास्तच लागणार. शालेय पेपरात हे विचारत नाहीत. विचारायला हवं.

सूत्र पाठ, पण डोक्यातलं चित्र जुनंच, याचा अनुभव हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनाही आला. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते, म्हणून बल आणि गतीच्या साध्या कल्पनांवरची एक चाचणी त्यांनी वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची की मी एरवी विचार करतो तशी? निकालाने माझूर इतके हादरले की त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. आधी प्रश्न, मग प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद.

घरी एकट्याने उजळणी करतानाही हेच करता येतं. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, आणि पटणं म्हणजे येणं नव्हे. पान झाका, उत्तर साधारण किती यायला हवं, कुठल्या दिशेला, हे आधी बोला, मग सोडवा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर न बघता लिहिणारे बरेच पुढे. आदल्या रात्रीचं वाचन इतकं दिलासा का देतं, ते इथे कळतं. आपण पाच मिनिटांनी स्वतःला तपासत असतो.

आणि हो, धडे मिसळा. 'उताराची उदाहरणं', 'स्प्रिंगची उदाहरणं' अशी वरवरची वर्गवारी नवशिके करतात. जाणकार 'इथे ऊर्जेची अक्षय्यता लागते' अशी वर्गवारी करतात, हे १९८१ मध्ये मिशेलिन ची या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं.

परीक्षेच्या हंगामात स्मरणशक्तीची औषधं आणि चूर्णं विकणाऱ्यांना ऊत येतो. 'तुमचा मुलगा बघून शिकणारा की ऐकून शिकणारा' हे पैसे घेऊन सांगणारेही भेटतात. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी या दुसऱ्या कल्पनेचा पुरावा तपासला. त्या ठरावीक पद्धतीने शिकवल्याने फायदा होतो असं म्हणण्याजोगं काही त्यांच्या हाती लागलं नाही. नशिबाचं पेन निदान फुकट असतं.

दोन आठवड्यांनी भाचीने मला गाठलं. "मामा, लंबक एका टोकाला पोहोचला, अगदी त्याच क्षणी दोरा कापला. गोलक कसा पडेल?"

मी दुसऱ्याच कामात होतो. "थोडा पुढे फेकला जाईल आणि मग वळून खाली येईल," मी म्हणालो.

"आधी सांग, टोकाला वेग किती असतो?"