तुटलेल्या तंतूची खबर : चेतापेशींच्या पुनर्जननामागील शोधांची पार्श्वभूमी

पायाच्या अंगठ्याला झालेला स्पर्श ज्या चेतापेशीमुळे जाणवतो, तिचे पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, अंगठ्यात नसते. ते कमरेच्या मणक्यांलगतच्या एका गुच्छिकेत (पेशीकायांच्या गाठीत) असते आणि तेथून निघालेला अक्षतंतू, म्हणजे पेशीचा लांब धागा, सुमारे एक मीटरचे अंतर ओलांडून अंगठ्यापर्यंत पोहोचतो. पेशीकायाचा व्यास मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. हा तंतू घोट्याजवळ कापला गेला, तर त्याची पुन्हा वाढ होण्यासाठी जी जनुके जागी व्हावी लागतात, ती जखमेपासून जवळजवळ मीटरभर दूर, केंद्रकात असतात. इतक्या लांब झालेल्या इजेची खबर केंद्रकाला कोण देते? आज हा प्रश्न अगदी स्वाभाविक वाटतो. तुटलेली चेता (नस) पुन्हा जुळून कामाला लागते, याचा खात्रीलायक पुरावा मात्र १७९५ सालापासून उपलब्ध होता आणि खबरीचा प्रश्न शोधनिबंधाचे शीर्षक होण्यासाठी १९७० साल उजाडावे लागले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नव्हते; त्यांचे लक्ष जखमेच्या जागेवर खिळले होते, इतकेच.

विल्यम क्रुकशँक यांनी १७७६ मध्ये कुत्र्यांच्या मानेतील भ्रमणी चेता (मेंदूतून हृदय, फुप्फुसे, जठर यांकडे जाणारी नस) कापून पाहिली होती आणि कापलेल्या टोकांच्या मध्ये नवी ऊती तयार होते, असे त्यांना आढळले होते. ती ऊती खरोखर चेतेची आहे की नुसता व्रण, हा वाद त्यामुळे सुटला नाही. जॉन हेटन यांनी १७९५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग क्रूर होता, पण त्याचा तर्क बिनतोड होता. दोन्ही बाजूंच्या भ्रमणी चेता एकदम कापल्या तर कुत्रा मरतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आधी एक बाजू कापली, काही आठवडे जाऊ दिले आणि मग दुसरी कापली, कुत्रा जगला. पुढे पुष्कळ महिन्यांनी त्यांनी त्याच कुत्र्याच्या दोन्ही चेता लागोपाठ कापल्या, तेव्हा मात्र तो मेला. याचा अर्थ, मधल्या काळात त्याला जगवणारे काम त्या जुळलेल्या चेताच करीत होत्या. सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता केवळ कार्यावरून पुनर्जनन सिद्ध करणारा हा प्रयोग आजही वाचनीय वाटतो.

तंतूच्या आत काय घडते, ते पाहिले ऑगस्टस वॉलर यांनी. १८५० साली त्यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता कापून त्यांतील बदलांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. कापलेल्या जागेच्या पलीकडचा, म्हणजे जिभेकडचा भाग काही दिवसांतच तुकडे पडून विरघळू लागतो. मेंदूकडचा भाग शाबूत राहतो. पुढे मज्जारज्जूच्या मुळांवर केलेल्या प्रयोगांतून त्यांना अधिक महत्त्वाची गोष्ट उमगली. संवेदी चेतेचे मूळ हे गुच्छिका आणि मज्जारज्जू यांच्या दरम्यान कापले, तर मज्जारज्जूकडचा तुकडा नष्ट होतो आणि गुच्छिकेला जोडलेला टिकतो. तंतू टिकणे न टिकणे हे तो मेंदूशी जोडलेला आहे की नाही यावर अवलंबून नसून आपल्या पेशीकायाशी जोडलेला आहे की नाही यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तुटलेल्या भागाच्या या ऱ्हासाला आजही वॉलर यांचेच नाव आहे.

यानंतर अर्धशतकभर चाललेला वाद वेगळाच होता. नवा तंतू येतो कोठून? तुटलेल्या दूरच्या भागातील पेशी आपापसांत जुळून तो जागच्या जागी घडवतात, असे एक मत होते. जर्मनीत अल्ब्रेख्त बेटे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते हिरिरीने मांडले. दुसऱ्या मतानुसार, पेशीकायाशी जोडलेले टोकच पुढे वाढत जाते. माद्रिदचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात वाढणाऱ्या तंतूचे शंकूसारखे टोक पाहिले होते. तसेच टोक त्यांना कापलेल्या चेतांमध्येही दिसले. हा पुरावा भक्कम होता, पण तो स्थिर, रंगवलेल्या कापांमधला होता. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातील चेताऊतीचा कण लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवला आणि पेशीतून तंतू बाहेर पडून पुढे सरकताना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला. ऊतिसंवर्धनाचे तंत्र या वादातून जन्मले, हा त्याचा आनुषंगिक लाभ म्हणावा लागेल.

दूरच्या तुकड्यातील पेशी मात्र अगदीच बिनकामाच्या ठरल्या नाहीत. त्या श्वान पेशी होत. (श्वान हे येथे थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचे आडनाव आहे, मराठी विद्यार्थ्यांचा त्यावरून होणारा गोंधळ जुनाच आहे.) तंतू तुटल्यावर या पेशी मायलिन (तंतूभोवतीचे रोधक वेष्टन) तयार करण्याचे काम सोडून देतात, जुना मलबा साफ करण्यास हातभार लावतात आणि रांगा करून उभ्या राहतात. नवे तंतू या रांगांच्या आधाराने वाट काढतात.

पेशीकायाला इजेची खबर लागते, याचा पहिला दृश्य पुरावा या वादाच्या काळातच मिळाला होता. फ्रान्झ निस्ल यांनी १८९२ मध्ये चेहऱ्याच्या चेतेला इजा केली आणि मेंदूच्या तळाशी असलेली तिची पेशीकाये रंगवून पाहिली. एरवी पेशीत ठसठशीत दिसणारे रंगद्रव्यग्राही कण विखुरले होते, पेशी फुगली होती आणि केंद्रक मध्यातून कडेला सरकले होते. ज्या पेशींना कोणी हातही लावला नव्हता, त्यांचे रूप पालटले होते! पण हे बदल रोगाचे किंवा क्षीणतेचे लक्षण म्हणून वाचले गेले. पेशी प्रथिननिर्मितीची सारी घडी बदलून दुरुस्तीच्या तयारीला लागली आहे, हा अर्थ लावण्यासाठी आरएनए, म्हणजे जनुकातील सूचना प्रथिननिर्मितीपर्यंत नेणारा रेणू, हे आधी कळावे लागणार होते.

दरम्यान वैद्यकाने आपल्या गरजेपुरती उत्तरे शोधली. लंडनचे हेन्री हेड यांनी १९०३ मध्ये स्वतःच्या डाव्या हातातील त्वचेची चेता शस्त्रक्रियेने कापून पुन्हा शिवून घेतली आणि संवेदना कशी परतते, याच्या नोंदी विल्यम रिव्हर्स यांच्या मदतीने चार वर्षांहून अधिक काळ ठेवल्या. पहिल्या महायुद्धातील जखमींवरून जूल्स तिनेल आणि पॉल हॉफमान यांनी १९१५ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की, चेतेच्या मार्गावर हलकेच टिचकी मारल्यावर जेथे मुंग्या येतात, तेथवर वाढते तंतू पोहोचलेले असतात. ही जागा आठवड्यागणिक पुढे सरकते. माणसात वाढीचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर धरला जातो. दुसऱ्या महायुद्धात हर्बर्ट सेडन यांनी चेतेच्या इजांचे तीन प्रकार पाडले, ते वर्गीकरण शल्यचिकित्सक अजूनही वापरतात.

खबर नेणारा रस्ताच ठाऊक नसेल, तर निरोप्याचा शोध घेण्यात अर्थ नसतो. तो रस्ता १९४८ मध्ये दिसू लागला. पॉल वाइस आणि हेलेन हिस्को यांनी चेतेला बारीक चिमटा बसवला, तेव्हा चिमट्याच्या पेशीकायाकडील बाजूस तंतू फुगले आणि चिमटा काढल्यावर साठलेला माल पुढे वाहू लागला. तंतू ही केवळ विजेची तार नसून तिच्यातून सतत मालवाहतूक चालते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढच्या दोन-तीन दशकांत या वाहतुकीच्या मंद आणि जलद, टोकाकडे जाणाऱ्या आणि पेशीकायाकडे परतणाऱ्या अशा वाटा उलगडल्या. जलद माल दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर पुढे जातो. परतीचा प्रवास त्याहून काहीसा संथ असतो. पुढे जाणारा माल ओढणारे कायनेसिन हे प्रथिन १९८५ मध्ये सापडले आणि परतीच्या वाटेवर डायनीन काम करते, हे त्यानंतर लवकरच कळले.

याच पार्श्वभूमीवर बी. जी. क्रॅग यांनी १९७० मध्ये, निस्ल यांनी पाहिलेल्या बदलांचा संकेत कोणता, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा निबंध लिहिला आणि शक्यता एकेक करून तपासल्या. त्यांतील दोन प्रमुख शक्यता परस्परविरोधी वाटतात. एक म्हणजे नेहमी येणारी खुशाली बंद पडणे. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना ज्या कामासाठी १९८६ चे नोबेल मिळाले, तो चेतावृद्धी घटक लक्ष्यपेशींकडून तंतूवाटे पेशीकायाकडे येत असतो. तंतू तुटला की तो येईनासा होतो आणि हा अभावच संकेत ठरतो. दुसरी शक्यता म्हणजे जखमेतून नवा निरोप निघणे. पुढील संशोधनाने दोन्ही खऱ्या ठरवल्या, आणि निरोप एक नसून अनेक असल्याचेही दाखवले.

त्यांतला सर्वांत वेगवान निरोप कॅल्शियमचा असतो. पेशीबाहेरील द्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते, त्यामुळे पेशीचे आवरण फाटताच ते आत घुसते आणि त्याची लाट तंतूतून मागे पसरते. प्रथिनांचा निरोप मात्र पायी चालणाऱ्या जासुदासारखा मागून येतो. या बाबतीत इस्रायलच्या वाइझमान संस्थेतील माइक फाइनझिल्बर यांच्या गटाने २००३ मध्ये जे दाखवले, ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर काम वाटते. उंदरांच्या नितंबचेतेत डायनीनला जोडलेले इम्पोर्टिन अल्फा (केंद्रकात माल नेणाऱ्या प्रथिनांपैकी एक) नेहमीच हजर असते, पण त्याचा जोडीदार इम्पोर्टिन बीटा तेथे जवळजवळ नसतो. असतो तो त्याचा आरएनएरूपी आराखडा. इजा होताच त्या आराखड्यावरून जखमेच्या जागीच प्रथिन तयार होते, जोडी पूर्ण होते आणि केंद्रकात शिरण्याचा परवाना असलेली प्रथिने घेऊन ती परतीच्या वाटेला लागते. म्हणजे निरोप्या जखमेपाशी आधीपासून अर्धवट सज्ज करून ठेवलेला असतो. अक्षतंतूत प्रथिननिर्मिती होतच नाही, ही पाठ्यपुस्तकांतील जुनी समजूत त्यामुळे आणखी खिळखिळी झाली.

मग हीच व्यवस्था मेंदूत आणि मज्जारज्जूत का चालत नाही? काहाल यांनी १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत प्रौढ मध्यवर्ती चेतासंस्थेच्या पुनर्जननाविषयी निराशा व्यक्त केली होती. पण त्यांचेच शिष्य फ्रान्सिस्को तेल्यो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या चेतेचा तुकडा बसवल्यावर मेंदूतील तंतू त्यात शिरताना पाहिले होते. मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट आग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९८१ मध्ये नव्या तंत्रांनी त्याला पुष्टी दिली : चेतेच्या तुकड्याचा पूल मिळाला, तर मज्जारज्जूतील तंतू सुमारे ३ सेंटीमीटर वाढतात आणि पूल संपून पुन्हा मज्जारज्जू लागला की थबकतात. दोष परिसराचा आहे, हे उघड झाले आणि मार्टिन श्वाब यांच्या गटाने मायलिनमधील वाढ रोखणारी द्रव्ये शोधून काढली.

परंतु परिसराला सारा दोष देणेही पुरेसे नव्हते. गुच्छिकेतील संवेदी पेशीला दोन फांद्या असतात, एक त्वचेकडे जाणारी आणि एक मज्जारज्जूत शिरणारी. नुसती मज्जारज्जूतील फांदी तुटली, तर पेशी फारशी हलत नाही. १९८४ मध्ये असे दिसले की, त्याच पेशीची त्वचेकडची फांदीही कापली, तर मज्जारज्जूतील फांदीची वाढण्याची क्षमता वाढते. १९९९ मध्ये तर तिचे तंतू मज्जारज्जूतील जखमेच्या जागेत आणि त्यापलीकडे शिरताना दिसले. परिसर तोच, पेशीही तीच. बदलली होती ती केंद्रकापर्यंत पोहोचलेली खबर. वॉलर ते श्वाब या परंपरेने जखमेच्या जागेला दिलेले महत्त्व या एका प्रयोगाने निम्म्यावर आणले, असे म्हणता येईल.

तुटलेला दूरचा भाग उपासमारीने मरतो, हा वॉलर यांच्यापासूनचा समजही टिकला नाही. ज्यांच्या तुटलेल्या चेता दिवसांऐवजी आठवडे टिकतात, अशा उंदरांची एक जात १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वर्णिली. २०१२ मध्ये सार्म-१ हे प्रथिन हाती लागले. ते सक्रिय होऊन तंतूतील एनएडी हे ऊर्जाव्यवहाराला अत्यावश्यक असलेले द्रव्य संपवून टाकते. तंतूचा ऱ्हास हीदेखील संकेताने सुरू होणारी कृतीच आहे.

डीएलके नावाच्या विकराची (एन्झाइमची) कथा यापुढची. २००९ मध्ये सूत्रकृमींवरील प्रयोगांत असे आढळले की, हा विकर नसेल तर तुटलेला तंतू वाढत नाही आणि तो अधिक असेल तर वाढ जोमाने होते. उंदरांच्या पायातील चेतांमध्येही इजेची खबर केंद्रकापर्यंत पोहोचण्यासाठी तो लागतो, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. दृक्चेतेला इजा झाली, तेव्हा मात्र डोळ्याच्या दृष्टिपटलातील पेशींना हीच खबर मृत्यूकडे नेत असल्याचे २०१३ मध्ये दिसले. तेथे डीएलके काढून टाकल्यावर बऱ्याच पेशी वाचल्या, पण वाचलेल्या त्या पेशींचे तंतू वाढेनासे झाले.