कळा, लाँग क्यूटी आणि पाठीतली बारीक नळी

ईसीजीच्या कागदावरची एक बारीक चौकट म्हणजे 40 मिलिसेकंद. क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाट संपेपर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी; नाडीचा वेग हिशेबात धरून ते बायकांमध्ये साधारण 460 मिलिसेकंदांपर्यंत असतं. जन्मजात लाँग क्यूटी, म्हणजे हे अंतर लांबण्याचा दोष, असलेल्या काहींमध्ये ते 500 च्या पुढे जातं. त्या लांबलेल्या वेळात एखादा ठोका अवेळी पडला, तर हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे ढकललं जात नाही आणि बाई कोसळते.

असा ठोका पाडायला अ‍ॅड्रेनालिन पुरेसं होतं, आणि कळांमध्ये ते भरपूर सुटतं. म्हणून 'थोडं सोस, बाई' हा सल्ला इथे घातक आहे. कळा नियमित होताच एपिड्युरल, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून वेदना बधिर करणारं औषध, द्यावं. पाठीतल्या नळीतून 0.1 टक्के किंवा त्याहूनही पातळ ब्युपिवाकेन हे बधिर करणारं औषध, सोबत मिलिलीटरमागे 2 मायक्रोग्रॅम फेंटानिल हे वेदनाशामक, थोडं थोडं. नळी रक्तवाहिनीत गेली नाही ना, हे तपासायच्या टेस्ट डोसमध्ये एरवी अ‍ॅड्रेनालिन मिसळतात. इथे ते वगळावं. बीपी उतरलं तर ते चढवायला एफेड्रिनऐवजी फिनाइलएफ्रिन बरं.

खरा घात होतो तो सवयीच्या औषधांनी. उलटीसाठी सरसकट दिलं जाणारं ओन्डान्सेट्रॉन क्यूटी लांबवतं. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन एकदम शिरेत ढकललं तर तेही लांबवतं, म्हणून ते सलाईनमधून सावकाश द्यावं. बीटा ब्लॉकरची (अ‍ॅड्रेनालिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारी) गोळी प्रसूतीच्या दिवशीही चुकवू नये. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे 4 मिलिमोलच्या वर ठेवावं, मॅग्नेशियमही तपासावं. शॉकचं यंत्र खोलीतच हवं आणि 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट हाताशी. लाँग क्यूटीच्या दुसऱ्या प्रकारात अचानक झालेला मोठा आवाजही ठोका बिघडवतो, तेव्हा उशाजवळचा मॉनिटरचा अलार्म बारीक करावा.

ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयाचे ठोके बिघडवणाऱ्या दुसऱ्या जन्मजात दोषात गणित वेगळं. तिथे ब्युपिवाकेनचा मोठा डोस आणि ताप हेच शत्रू. एपिड्युरलनंतर कधीकधी ताप चढतो, म्हणून थर्मामीटर वारंवार लावावा आणि ताप लगेच उतरवावा.

बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला, असं नाही. लाँग क्यूटीत, विशेषतः दुसऱ्या प्रकारात, पुढचे नऊ महिने सर्वांत जोखमीचे. दूध वाढावं म्हणून सहज लिहून दिलं जाणारं डॉम्पेरिडोन अशा बाळंतिणीला देऊ नये. बाळात हा दोष उतरण्याची शक्यता 50 टक्के असते, त्यामुळे त्याचाही ईसीजी काढावा.